तेरावी गार्ड्‌स रायफल डिव्हिजन : स्टालिनग्राडच्या किनाऱ्यावरची झुंज

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत लाल सेनेच्या ज्या पायदळ डिव्हिजनांनी विशेष कीर्ती मिळवली, त्यांत तेराव्या गार्ड्‌स रायफल डिव्हिजनचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ‘गार्ड्‌स’ हा किताब सप्टेंबर १९४१ पासून रणांगणावर पराक्रम गाजवणाऱ्या तुकड्यांना दिला जाऊ लागला. त्यासोबत नवा ध्वज व वाढीव वेतन मिळे. आणि सर्वांत बिकट आघाडीही बहुधा याच तुकड्यांच्या वाट्याला येई.

स्थापना

कीव्हच्या लढाईत होरपळलेल्या तिसऱ्या हवाई छत्रीदळातून नोव्हेंबर १९४१ मध्ये ८७ वी रायफल डिव्हिजन उभारण्यात आली. कुर्स्क परिसरातील कामगिरीबद्दल जानेवारी १९४२ मध्ये तिला ‘तेरावी गार्ड्‌स’ हे नाव मिळाले. अलेक्सांद्र रोदिमत्सेव्ह हे तिचे सेनानी. स्पेनच्या यादवी युद्धातील कामगिरीबद्दल १९३७ मध्येच ते ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरले होते. मे १९४२ मधील खारकोव्हच्या लढाईत व नंतरच्या माघारीत डिव्हिजनची मोठी हानी झाली. त्यामुळे स्टालिनग्राडला पोहोचलेले सुमारे दहा हजार सैनिक बहुतांशी नव्या भरतीचे होते.

स्टालिनग्राड

१४ सप्टेंबर १९४२ रोजी जर्मन सैन्य शहराच्या मध्यभागी घुसून व्होल्गाच्या धक्क्यानजीक पोहोचले. धक्का हातचा गेला असता, तर जनरल चुइकोव्ह यांच्या ६२ व्या सेनेची रसद तुटली असती. त्याच रात्री डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्यांनी तोफांच्या माऱ्यात नावांमधून नदी ओलांडली आणि किनाऱ्यावर पाय ठेवताच लढाईला तोंड फुटले. १६ सप्टेंबरला ३९ व्या रेजिमेंटने मामायेव कुर्गान टेकडीवर चढाई करून माथा गाठला. ४२ व्या रेजिमेंटची पहिली बटालियन रेल्वे स्थानकासाठी झुंजली. स्थानकाचा ताबा वारंवार बदलत राहिला. अखेर ते जर्मनांकडे गेले आणि ती बटालियन जवळजवळ नामशेष झाली.

त्यानंतर डिव्हिजनने किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी धरून ठेवली. तेथील एक चार मजली इमारत सप्टेंबरअखेरीपासून सुमारे दोन महिने लढवली गेली. सार्जंट याकोव्ह पाव्हलोव्ह यांच्या नावाने ती प्रसिद्ध आहे. मात्र तिच्या संरक्षणाचे नेतृत्व बराच काळ लेफ्टनंट इव्हान अफानास्येव्ह यांच्याकडे होते. २६ जानेवारी १९४३ रोजी पश्चिमेकडून आलेल्या २१ व्या सेनेशी डिव्हिजनची गाठ पडली. वेढ्यातील जर्मन सैन्य दुभंगले आणि २ फेब्रुवारीला लढाई संपली.

पुढील वाटचाल

१९४३ मध्ये रोदिमत्सेव्ह यांची कोअरच्या नेतृत्वपदी बढती झाली व डिव्हिजनची धुरा ग्लेब बाकलानोव्ह यांच्याकडे आली. कुर्स्कनंतर सप्टेंबर १९४३ मध्ये पोल्तावाच्या मुक्तीत सहभाग घेतल्याने ‘पोल्तावा’ हे नाव तिच्या बिरुदात जोडले गेले. सान्दोमिएझ येथील व्हिस्तुलाकाठचे ठाणे, ओडर नदी या मार्गाने लढत मे १९४५ मध्ये तिने प्रागच्या दिशेने अंतिम मोहीम केली.

मूल्यमापन

ही डिव्हिजन साधनसामग्रीच्या जोरावर मोठी झाली नाही. व्होल्गा ओलांडताना तिच्या अनेक सैनिकांकडे पुरेशी शस्त्रेही नव्हती. युद्धात तिचे मनुष्यबळ पुनःपुन्हा खर्ची पडले व पुन्हा भरले गेले. क्रमांक, ध्वज आणि किताब अखेरपर्यंत टिकले. ज्यांनी ते मिळवून दिले, त्यांतील बहुसंख्यांना मात्र विजयाचा दिवस दिसला नाही. तिचा इतिहास वाचताना हे विसरता येत नाही.