‘वुड’ आणि ‘हॅव’ यांच्या मधली जागा

‘तो बहुधा आला असता’ हे इंग्रजीत सांगायचं, तर ‘बहुधा’ कुठे बसवायचं? ‘ही वुड प्रॉबब्ली हॅव कम’ की ‘ही वुड हॅव प्रॉबब्ली कम’? मराठीत हा घोळ नाही. ‘बहुधा’ वाक्याच्या आरंभी घ्या नाहीतर शेवटी टाका, कुणी अडवत नाही. फक्त ‘आला’ आणि ‘असता’ यांच्यामध्ये ते सहसा शिरत नाही. शिरतो तो एवढासा ‘च’ किंवा ‘ही’. इंग्रजीत क्रियापदाचे तुकडे सुटेसुटे उभे असतात आणि क्रियाविशेषणाला त्यांच्या मधलीच जागा मानवते. तरीही शिकल्यासवरल्या इंग्रजी लेखकांच्या कित्येक पिढ्या तिथे शब्द ठेवताना बिचकत आल्या. धास्तीचा उगम शोधू लागलं, की जागा फार जुनी आणि बंदी अगदी अलीकडची असल्याचं दिसतं.

जागा किती जुनी? खुद्द ‘वुड हॅव’पेक्षा जुनी. प्राचीन इंग्रजीत ‘हॅव’चा पूर्वज म्हणजे सरळ ‘जवळ असणे’. ‘मी पत्र लिहिलं आहे’ याऐवजी तेव्हाची माणसं ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा घाटाचं वाक्य करत. ‘हॅव’ आणि ‘लिहिलेलं’ यांच्यामध्ये पत्र ऐसपैस बसलेलं असे, आणि ‘लिहिलेलं’ला विशेषणासारखे, कर्माशी जुळणारे प्रत्ययही लागत. पुढे प्रत्यय झडले, कर्म मागे गेलं, आणि मालकी सांगणाऱ्या वाक्यातून काळ सांगणारं क्रियापद निघालं. ‘वुड’ही असंच. इच्छा दाखवणाऱ्या ‘विलन’ या स्वतंत्र क्रियापदाचं ते भूतकाळी रूप. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळापर्यंत, ही मंडळी एका रांगेत आलेली दिसतात. तरी त्यांचं राज्य निर्वेध नव्हतं. शेक्सपिअरच्या काळातही ‘वुड हॅव बीन’चं काम नुसतं ‘हॅड बीन’ करून जाई. थोडक्यात, वेगवेगळ्या घरांतून आलेली ही क्रियापदं शेजारी राहायला आली, पण मधली भिंत कधी बांधली गेली नाही.

अठराव्या शतकातले व्याकरणकार कडक म्हणून बदनाम आहेत, पण या बाबतीत बिचारे निर्दोष. रॉबर्ट लोथ यांनी 1762 मध्ये व्याकरण लिहिलं. क्रियाविशेषण ज्या शब्दाला लागू पडतं त्याच्या जवळ असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. 1795 मध्ये लिंडले मरे यांचं व्याकरण आलं. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, नंतर इंग्लंडात यॉर्कजवळ राहिलेले. त्यांच्या पुस्तकावर इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या शिकल्या. क्रियाविशेषण पुष्कळदा सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये येतं, हे त्यांनी नियमातच लिहून ठेवलं आहे.

मग धास्ती आली कुठून? शेजारच्या ‘टू’कडून. 1834 साली ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये ‘पी’ अशी सही केलेलं एक पत्र छापून आलं. ‘टू गो’सारख्या रूपात ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालणं ही अशिक्षितांची लकब आहे, असं पत्रलेखकाचं मत. आपल्या माहितीत असा नियम याआधी कुणी सांगितलेला नाही, हेही तो कबूल करतो! 1864 मध्ये डीन हेन्री आल्फर्ड यांनी तीच तक्रार पुस्तकात नोंदवली. लॅटिनमध्ये अशी रूपं एकसंध असतात म्हणून इंग्रजीतही फोडू नयेत, असं कारण पुढे लोक सांगू लागले. लॅटिनमध्ये ‘मी केलं असतं’ याला ‘फेकिस्सेम’ हा एकच शब्द आहे हे खरं. पण पत्रलेखकाचा आधार लॅटिन नव्हता, चांगल्या लेखकांची वहिवाट हा होता.

एकदा सोवळं सुरू झालं की ते चुलीपुरतं राहत नाही. ‘टू’ फोडायचा नाही म्हणणाऱ्यांना ‘वुड हॅव’ फोडतानाही विटाळ वाटू लागला. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या आपल्या कोशात ही भीती नेमकी पकडली: ‘टू’च्या धाकाने माणसं नसलेला नियम पाळत आहेत. त्यांच्या मते क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा सहायक क्रियापदानंतरची, आणि सहायकं अनेक असली तर कधी कधी पहिल्यानंतरची. जसं ‘वुड प्रॉबब्ली हॅव’. मला हा कौल पटतो, पण एक पुस्ती हवी. ‘शी वुड क्लिअर्ली हॅव सेड’ म्हणजे ती बोलली असती हे उघड आहे. ‘शी वुड हॅव क्लिअर्ली सेड’मध्ये ती स्पष्ट शब्दांत बोलली असती, हा अर्थ वर येतो. खात्री किंवा शंका दाखवणारा शब्द पुढे बसतो, कृतीची रीत दाखवणारा मुख्य क्रियापदाला चिकटतो.

फाउलर यांचं सगळ्यांनी ऐकलं नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेत अवघडलेली फोड टाळा, हा सल्ला वर्षानुवर्षं राहिला. 2019 मध्ये तो सैल झाला. त्याआधी, 20 जानेवारी 2009 रोजी, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना शपथ देताना अडखळले होते. अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘फेथफुली’ हा शब्द ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’च्या मध्ये आहे, रॉबर्ट्स यांनी तो वाक्याच्या शेवटी नेला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी तर्क केला, की क्रियापद फोडू नये हा रॉबर्ट्स यांच्या अंगवळणी पडलेला संस्कारच ऐन वेळी आड आला. तर्कच तो, पण मोहात पाडणारा.

बंदीवाल्यांना न पकडता आलेला एक शब्द म्हणजे ‘नॉट’. ‘वुड नॉट हॅव’ लिहिताना त्यांनाही कधी पाप लागलं नाही. आता जागा आक्रसते आहे ती नियमामुळे नव्हे, जिभेमुळे. बोलताना ‘वुड हॅव’चं ‘वुडव्ह’ होतं, इतकं की लिहिताना काहीजण ‘हॅव’च्या जागी चक्क ‘ऑफ’ लिहितात. मध्ये फटच उरली नाही, की ‘प्रॉबब्ली’ला मागे सरकावं लागतं: ‘आय वुडव्ह प्रॉबब्ली गॉन’. ‘नॉट’ मात्र हललेला नाही. बोलीत तिघं मिळून ‘वुडन्टव्ह’ असा एकच शब्द होतो, आणि त्यातही तो बरोबर मध्येच असतो.