होडीच्या कर्जाची कुळकथा

टिटवाळ्याची काळू नदी कल्याणच्या वरच्या अंगाला उल्हासला मिळते आणि पुढे खाडी लागते. या पाण्यात होडी घालायची तर भांडवल हवे, आणि भांडवल देणारा आधी विचारणार, बुडाली तर? घर, जमीन जागच्या जागी राहतात. होडी हलते, पळवता येते, बुडतेही. इंग्लंडच्या कालव्यांत जेमतेम सात फूट रुंदीच्या ‘नॅरोबोट’मध्ये लोक संसार थाटतात, पण तिच्यावर नेहमीचे गृहकर्ज मिळत नाही, ते याच धास्तीने.

या धास्तीची किंमत आपल्याकडे फार पूर्वीच ठरली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा सव्वा पण (तेव्हाचे नाणे) हे महिन्याचे धर्म्य व्याज, व्यापाऱ्याला पाच, रानवाटेने जाणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. म्हणजे साध्या कर्जाच्या सोळापट! याज्ञवल्क्यस्मृतीतही रानासाठी दहा, समुद्रासाठी वीस.

हे व्याज की लूट? एक मत असे, की ही केवळ दराची कमाल मर्यादा. जहाज बुडाले म्हणून कर्ज माफ होते, असे मूळ वचनात कुठेच नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. पण बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ टीकेत या वचनाचे कारण दिले आहे: धनकोने एवढे घ्यावे, कारण इथे मुद्दलच नष्ट होण्याची शंका असते. सारी गोम इथेच आहे. शेकडा विसातला थोडा भाग पैशाचे भाडे, उरलेला सगळा विम्याचा हप्ता. (विज्ञानेश्वर कल्याणचा म्हणून ठाणे जिल्ह्याने हुरळून जाऊ नये, ते कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी, आजचे कर्नाटकातले बसवकल्याण.)

प्रतिपक्ष एवढ्यावर गप्प बसत नाही. ऋणकोही जहाजाबरोबर बुडाला तर वसुली कोणाकडून, एवढीच ती शंका असेल, असे तो म्हणेल. तसे असते तर वारसांवर बोजा टाकून भागले असते. सोळापट दराची गरज नव्हती. तेव्हा जहाजाबरोबर कर्जही बुडत असावे, हाच तर्क अधिक पटतो.

मग ही युक्ती ग्रीकांकडून आली का? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या अथेन्समधला एक करार डेमॉस्थेनिसच्या नावावरच्या भाषणात टिकून आहे: ३,००० द्राख्मा कर्ज, तारण दारूचे ३,००० रांजण, व्याज हजारी २२५, आणि परतीला उशीर होऊन वादळी मोसम गाठला तर हजारी ३००. माल सुखरूप पोचला तरच फेड. व्हिएन्नात जपलेल्या दुसऱ्या शतकातल्या पपायरसवर तर केरळातल्या मुझिरिसच्या व्यापारासाठीच्या कर्जाचा करार आहे. म्हणजे दोन्हीकडचे व्यापारी एकमेकांना भेटत होतेच. तरीही उसनवारीचा दावा टिकत नाही. ग्रीक हिशेब सफरीचा, आपला महिन्याचा. उसने घेतले असते तर मोजमापही आले असते.

जोखीम वादळाचीच होती असेही नाही. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी मार्गदर्शक ग्रंथ ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचे वर्णन ‘कॅलिएना’ म्हणून करतो आणि सांगतो, की बंदरावर निर्बंध आल्यानंतर तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. अशा बंदराकडे निघालेल्या मालावर सावकाराने चढे व्याज लावले, तर नवल नाही.

पुढचे टप्पे ओळखीचे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत स्वराज्याची जहाजे बांधायला सुरुवात झाली. तिथे खर्च राज्याचा, सावकाराचा नव्हे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना मात्र व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागे आणि मासळी त्यालाच घालावी लागे. १९६३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाचा पैसा पुढे मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत यांत्रिक नौकांपर्यंत पोचला.

या प्रवासात जुना वीस टक्क्यांचा गठ्ठा फुटला. व्याज बँकेकडे गेले, बुडण्याची जोखीम विमा कंपनीकडे. दर उतरला, पण विमा नसेल तर आज होडी बुडाल्यावर कर्ज तरंगतच राहते. म्हणून होडीसाठी कर्ज काढणाऱ्याने दोन बँकांचे दर ताडून पाहताना विम्याचा हप्ताही त्यात मिळवावा, आणि पॉलिसीत बुडण्याची भरपाई कोणत्या अटींवर आहे ते सही करण्याआधी वाचावे.