लायबेरियातील महिला शांतता चळवळ

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात १९८९ ते २००३ दरम्यान दोन टप्प्यांत झालेले यादवी युद्ध थांबवण्यासाठी ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रियांनी एकत्र येऊन उभारलेली चळवळ. लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली या स्त्रियांनी पांढरी वस्त्रे नेसून राजधानी मन्रोव्हियात धरणे धरले आणि घानातील अक्रा येथील शांततेची बोलणी रेंगाळताच सभागृहाची दारे अडवली. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. युद्धोत्तर काळातील ‘शांतता कुटी’, म्हणजे स्त्रिया जेथे कौटुंबिक व जमिनीचे तंटे मध्यस्थीने मिटवतात अशा गावोगावच्या बैठकीच्या जागा, हे या कार्याचे कमी गाजलेले, परंतु अधिक मोलाचे अंग असून त्यास संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेचे साहाय्य लाभले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत २००७ पासून भारतीय महिला पोलिसांचे पथकही तेथे तैनात होते.