विनोदी नटाची आठवण : कलैवाणर ते चिन्न कलैवाणर



17 एप्रिल 2021 हा शनिवार होता. करोनाची दुसरी लाट चढत होती, महाविद्यालये बंद होती आणि मी घरूनच तास घेत होतो. पडद्यावरच्या चौकोनांत एका मुलाने स्वतःऐवजी एका हसऱ्या माणसाचा फोटो लावलेला दिसला. मुलगा तिरुनेलवेलीकडचा. कोण रे हे, असे विचारले तेव्हा म्हणाला, "सर, विवेक. आज पहाटे गेले. आईने सकाळपासून चूल पेटवलेली नाही."

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. इतिहास हा माझा हौसेचा विषय. पण त्या वाक्याने मला एक प्रश्न दिला, आणि हे टिपण त्याच प्रश्नाबद्दल आहे. ज्याला कधी भेटलो नाही, ज्याने फक्त हसवले, अशा माणसासाठी घरातली चूल का थंड राहते? आणि अशा आठवणीचा इतिहासाचे साधन म्हणून काही उपयोग होतो का? मराठी वाचकांना दादा कोंडके किंवा लक्ष्मीकांत बेर्डे गेले तो दिवस आठवत असेल. तुमच्या भाषेतही असे एखादे नाव असणार. आपण तमिळ उदाहरण घेऊ, कारण तिथे दोन नटांची आठवण एकमेकांत गुंफलेली आहे.

विवेक यांना लोक 'चिन्न कलैवाणर' म्हणत. चिन्न म्हणजे धाकटा. मग थोरला कोण? ते एन. एस. कृष्णन. जन्म 1908, गाव नागरकोविल, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात. धनुष्याला घंटा बांधून ती वाजवत कथा सांगायची 'विल्लुपाट्टु' ही त्या भागातली लोककला. त्यातून ते नाटक कंपनीत गेले आणि मग चित्रपटांत आले. 1936 च्या 'सती लीलावती'त ते होते. एम. जी. रामचंद्रन यांचा तो पहिलाच चित्रपट. कृष्णन आणि त्यांच्या पत्नी टी. ए. मधुरम यांची जोडी पडद्यावर इतकी लोकप्रिय झाली की पुष्कळदा त्यांचा विनोदी भाग ते स्वतः रचत आणि तो मुख्य कथेत जोडला जाई. कथा विसरली तरी प्रेक्षकांना तो भाग पाठ असे.

त्यांचा विनोद निव्वळ टिंगलीचा नव्हता. 'किंदनार' हे त्यांचे कालक्षेपम पाहा. कालक्षेपम म्हणजे आपल्या कीर्तनाचा दक्षिणी भाऊ. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांच्या प्रभावातूनच तिथला हा प्रकार घडला, हे मराठी विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे. नंदनार या दलित संताची भक्तिकथा तमिळ घराघरांत ठाऊक होती. कृष्णन यांनी तिचाच साचा घेतला, पण त्यांचा किंदन देवळाच्या दारात थांबत नाही. तो आगगाडीने शहरात जातो, शिकतो आणि शाळा तपासणारा अधिकारी होऊन गावी परततो. लोक पोट धरून हसत होते आणि हसता हसता मंदिरप्रवेशाच्या जागी शाळाप्रवेश ऐकत होते. यंत्रे आणि विज्ञान यांवरचे त्यांचे गाणेही असेच. ते मी पहिल्या वर्षाच्या वर्गात अधूनमधून सांगतो.

आता कठीण भाग. नोव्हेंबर 1944 मध्ये मद्रासमध्ये लक्ष्मीकांतन नावाच्या पत्रकारावर हल्ला झाला आणि त्यात तो मेला. सिनेमातल्या माणसांच्या खासगी आयुष्यावर खरेखोटे छापणे हा त्याचा धंदा होता. खुनाच्या कटात असल्याच्या आरोपावरून पकडलेल्यांत हे दोघे होते: त्या काळचे सर्वांत मोठे गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर आणि कृष्णन. दोघांना जन्मठेप झाली. उच्च न्यायालयातले अपील फेटाळले गेले, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, पुन्हा सुनावणी झाली आणि एप्रिल 1947 मध्ये दोघेही निर्दोष सुटले. तोवर सुमारे अडीच वर्षे तुरुंगात गेली होती. या काळात मधुरम यांनी नाटक मंडळी चालवली आणि खटल्याचा खर्चही ओढला. भागवतर यांची कारकीर्द पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. कृष्णन मात्र परत आले आणि लोकांनी त्यांना उचलून धरले. 'कलैवाणर' ही पदवीही सुटकेनंतरचीच.

हा फरक का पडला? माझे मत सांगतो. ते तुम्ही तपासून घ्या. भागवतर यांच्यावर लोकांनी राजपुत्र म्हणून प्रेम केले होते आणि राजपुत्र तुरुंगात जाऊन आला की त्याची झळाळी उतरते. विनोदी नट मुळातच आपल्यातला असतो. तो पडला, मार खाल्ला, उठला, हेच तर आपण त्याच्यात रोज पाहत असतो.

30 ऑगस्ट 1957 रोजी कृष्णन गेले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. मिळवलेले बहुतेक वाटून टाकले होते; हातात फारसे उरले नव्हते. त्यांच्या दातृत्वाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. त्यातल्या काहींना सांगणाऱ्यांनी रंग चढवला असणारच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी गोष्ट फेकून देऊ नये. ती घडली की नाही हा एक प्रश्न आणि लोकांना ती घडलेली हवी का होती, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर त्या समाजाबद्दल जास्त सांगते.

पुढे ही आठवण सरकारी झाली. चेन्नईच्या टी. नगरमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. जानेवारी 1969 मध्ये मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै यांनी त्याचे अनावरण केले. कृष्णन यांचा 1949 चा दारूबंदीवरचा 'नल्ल तंबी' अण्णांनीच लिहिला होता. अण्णा तेव्हा कर्करोगाने खंगले होते; 3 फेब्रुवारीला ते गेले. त्यांचा हा शेवटचा जाहीर कार्यक्रम मानला जातो. त्याच जानेवारीत मद्रास राज्याचे नाव अधिकृतपणे तमिळनाडू झाले. द्रविड चळवळीच्या विजयाच्या त्या महिन्यात एका विनोदी नटाचा पुतळा उभा राहतो, हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार नाही. त्यांच्या नावाचे सभागृह 'कलैवाणर अरंगम' हेही तसेच. करोनाकाळात अंतर राखायला जागा हवी म्हणून 2020 मध्ये राज्याची विधानसभा तिथे भरली. आमदारांना विदूषकाच्या घरी बसून कायदे करावे लागले. कृष्णन यांनी यावर काय प्रवेश रचला असता कोण जाणे!

विवेक यांची वाट वेगळी. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजचे वाणिज्य पदवीधर, मग मद्रासच्या सचिवालयात नोकरी, आणि 1987 मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटातून पदार्पण. अंधश्रद्धा, लाचखोरी, जात यांवर बोलत हसवण्याची कृष्णन यांची रीत त्यांनी पुढे चालवली. त्यांच्या एका प्रसंगाचे मी तर ऋण मानतो. बंद पडलेली लॉरी आणि तिला बांधलेले लिंबू पाहून त्यांचे पात्र चिडते: आतले शेकडो सुटे भाग जी गाडी हलवू शकत नाहीत, ती हे लिंबू हलवणार का? आमच्या कार्यशाळेत नव्या लेथला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की मला तो प्रसंग आठवतो.

2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या सांगण्यावरून त्यांनी झाडे लावण्याचे काम हाती घेतले आणि त्याला 'ग्रीन कलाम' नाव दिले. उद्दिष्ट एक कोटी रोपांचे; त्यांच्या निधनापर्यंत 33 लाखांच्या वर झाली असे तेव्हा छापून आले.

15 एप्रिल 2021 रोजी त्यांनी सरकारी रुग्णालयात जाऊन, लोकांची भीती जावी म्हणून कॅमेऱ्यासमोर लस घेतली. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराचा झटका आला आणि 17 तारखेला पहाटे ते गेले. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती आणि याचा लसीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीनेही तसाच निष्कर्ष काढला. पण अफवा तोवर गावोगाव पोचली होती. लस घ्यायला आधीच कचरणाऱ्यांना कारण मिळाले. आधी अ घडले, नंतर ब घडले, म्हणून अ मुळे ब, ही चूक तुम्ही प्रयोगवहीत केली तर मी गुण कापतो. इथे ती चूक जिवावर बेतू शकत होती. ज्या माणसाने जन्मभर अंधविश्वासाची टर उडवली, त्याचाच मृत्यू एका अंधविश्वासाचा पुरावा म्हणून फिरू लागला.

चाहत्यांनी त्यावर वाद घालत बसण्याऐवजी रोपे लावली. अंत्ययात्रेतही काहींच्या हातांत रोपे होती. पोलिसांनी मानवंदना दिली, 2022 मध्ये विरुगंबाक्कममधल्या त्यांच्या घराच्या रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. पण मला विचाराल तर साधन म्हणून रोपेच जास्त बोलकी आहेत. रस्त्याच्या पाटीला पाणी घालावे लागत नाही. रोपाला लागते, आणि आठवण कुणी किती दिवस वागवली ते त्यातून मोजता येते.

महाविद्यालय उघडल्यावर त्या तिरुनेलवेलीच्या मुलाने मित्रांना घेऊन वसतिगृहामागे अकरा रोपे लावली. मी फोटोपुरता फावडे धरून उभा होतो. मुले पदवी घेऊन गेली. गेल्या उन्हाळ्यानंतर मी मोजली तेव्हा चार उरली होती. दोन कडुनिंबाची, एक करंज आणि एक जांभूळ. जांभळाला टेकू द्यायला हवा होता. कार्यशाळेतून लोखंडी नळी कापून आणली आणि तो दिला.