केंद्रसत्ता ढासळल्यावर : नागपूरकर भोसले आणि सोव्हिएट गणराज्यें

मध्यवर्ती सत्ता खिळखिळी झाली कीं तिच्या छत्राखालील प्रांत स्वतंत्र होतात, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु स्वतंत्र होणें आणि स्वतंत्र राहणें या गोष्टी निराळ्या आहेत. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडून १५ राष्ट्रें उदयास आलीं. अठराव्या शतकांत वैनगंगेच्या खोऱ्यानेंही असा एक प्रसंग पाहिला होता.

भंडाऱ्याचा मुलूख तेव्हां नागपूरकर भोसल्यांचा. रघूजी भोसल्यांस ‘सेनासाहेबसुभा’ हें पद छत्रपति शाहूमहाराजांनीं दिलेलें होतें. सनद साताऱ्याची, मुलूख मात्र स्वतःच्या तलवारीनें मिळविलेला. १७४९ सालीं शाहूमहाराज वारले. १७६१ सालीं पानिपत झालें. सनदेचा धाक सरला. १७६३ सालीं रघूजींचे पुत्र जानोजी कांहीं काळ निजामास जाऊन मिळाले. त्यांस आवरण्यासाठीं थोरल्या माधवरावांनीं १७६९ सालीं कनकापूरचा तह केला आणि पेशव्यांच्या संमतीवांचून परक्यांशीं बोलणें लावूं नये, असें कलम घातलें. १७७२ सालीं माधवराव निवर्तले, आणि तें कलम पाळावयास लावणारा पुरुष पुण्यास फार काळ राहिला नाहीं.

परिणाम १८०३ सालीं दिसला. भोसले व शिंदे मिळून इंग्रजांशीं लढले. होळकर दूर राहिले. पराभवानंतर भोसल्यांनीं १७ डिसेंबरास देवगांव येथें तह करून कटक प्रांत दिला, आणि शिंद्यांनीं ३० डिसेंबरास सुर्जी अंजनगांव येथें आपला निराळा तह केला. १८१७ सालींही तेंच झालें. नोव्हेंबरांत खडकी व सीताबर्डी, डिसेंबरांत महिदपूर. पेशवे, भोसले व होळकर यांचे तीन पराभव, तेही वेगवेगळ्या रणांगणांवर! १८१८ सालीं कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील यांनीं शस्त्र उचललें. पण नागपूरचे राजेच परस्वाधीन झाल्यावर एकट्या जमीनदाराचें बळ तें किती? १८५३ सालीं तिसरे रघूजी औरस पुत्रावांचून वारले आणि १८५४ सालीं डलहौसीनें भंडाऱ्यासह सारें राज्य खालसा केलें.

सोव्हिएट गणराज्यांची गोष्ट दुसऱ्या तऱ्हेची. संघांतून निघून जाण्याचा अधिकार त्यांस घटनेच्या कागदावर होताच. मॉस्कोची सत्ता जोरांत असतां तो वापरण्याची सोय मात्र नव्हती. मार्च १९९० मध्यें लिथुआनियानें पहिलें पाऊल टाकिलें. ऑगस्ट १९९१ मधील बंडाचा प्रयत्न फसला आणि मॉस्कोचा उरलासुरला दरारा गेला. ८ डिसेंबरास रशिया, युक्रेन व बेलारूस यांनीं संघ संपल्याचें जाहीर केलें. २१ डिसेंबरास अल्मा-आता येथें ११ गणराज्यांनीं एकत्र बसून परस्परांच्या सीमा मान्य केल्या. मराठी घराण्यांनीं अशी बैठक कधीं घेतली नाहीं. त्यांचे तह झाले ते प्रत्येकाचे इंग्रजांशीं, एकेकट्यानें.

तथापि बैठकीनेंही सर्व साधत नाहीं. २०१४ सालीं रशियानें क्रिमिया घेतला आणि २०२२ सालीं युक्रेनवर मोठी स्वारी केली. कनकापूरचें कलम असो वा अल्मा-आताचा जाहीरनामा, दिलेला शब्द पाळणारे व पाळावयास लावणारे असतील तोंवरच कागदास किंमत असते. केंद्र ढासळल्यानें स्वातंत्र्य हातीं येतें. पण शेजारी एकमेकांच्या पाठीशीं उभे राहिले नाहींत, तर तें जावयास एक पिढीही पुरते.