केळुसकर गुरुजींची मध्यस्थी

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे सौदा जुळवून देणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो. शिष्यवृत्तीच्या इतिहासात मात्र दाता लक्षात राहतो, घेणारा मोठा झाला तर तोही. मधला माणूस तळटीपेत जातो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे असेच एक नाव आहे, असे आम्हांस वाटते.

विल्सन हायस्कुलातले हे शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या एका महार मुलाची त्यांनी आपण होऊन चौकशी केली आणि त्याला पुस्तके पुरवू लागले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च घरी झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारेही तेच. दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ साली महाराजांनी भीमरावांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार.

वाढवून मिळालेली मुदत १९१७ साली संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात या विद्वान अधिकाऱ्याला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते ज्या पथिकाश्रमात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना हुसकावले. कराराने नोकरी बांधून दिली होती, छप्पर नव्हे. याही वेळी केळुसकर धावले. त्यांच्या खटपटीने एका प्राध्यापकाच्या घरी राहण्याची सोय ठरली, पण भीमराव बडोद्याच्या स्टेशनावर उतरले तो हातात नकाराची चिठ्ठी पडली, असे धनंजय कीर लिहितात. गुरुजींचे वजन दरबारात चालले, स्वयंपाकघरापाशी थांबले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचा अनुभव याच जातीचा. स्लेटर निधीच्या मदतीवर (तीही काही अंशी कर्जाऊ) ते १८९२ साली बर्लिनला गेले. १८९४ साली मुदतवाढ नाकारली गेली आणि बर्लिनची डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. ती पदवी पुढच्या वर्षी हार्वर्डने दिली. १९४६ साली आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले, पण त्यात विषय शिष्यवृत्तीचा नव्हता; संयुक्त राष्ट्रसंघापुढे अस्पृश्यांचे गाऱ्हाणे मांडण्याचा होता.

सातपुड्यातून शहाद्याला शिकायला उतरणाऱ्या भिल्ल-पावरा मुलांपुढे आम्ही हा इतिहास मांडतो, तेव्हा सयाजीराव त्यांना ठाऊक असतात. "केळुसकर कोण?" असे मात्र ती दर वर्षी विचारतात.