काळाचे तर्कशास्त्र आणि दप्तराचा शिरस्ता

कचेरीतील कामे कोणत्या क्रमाने व्हावीत हे ज्या तर्कशास्त्राने पुढे चिन्हांत मांडले, त्याचा उगम दप्तरात नसून दैववादाच्या वादात आहे. उद्या समुद्रावर युद्ध होईल हे विधान आजच खरे असेल तर ते युद्ध आजच अटळ झाले काय, हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न ईश्वरविद्येच्या पंडितांना शतकानुशतके छळीत राहिला. आणि क्राइस्टचर्च येथील अध्यापक आर्थर प्रायर यांनी, प्रेस्बिटेरियन पंथातील पूर्वनियतीच्या सिद्धान्ताशी झगडता झगडता, भूत आणि भविष्य यांना स्वतंत्र चिन्हे देऊन १९५६ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत त्यांचे विवरण केले. पुढे १९६८ मध्ये हान्स काम्प यांनी ‘तोवर’ आणि ‘तेव्हापासून’ या संबंधांची त्यांत भर घातली. ही भर मला अधिक मोलाची वाटते, कारण मंजुरी होत नाही तोवर देयक अदा करू नये, यासारख्या हुकुमांवरच कारभार चालतो. शिवकालीन राजपत्राच्या अखेरीस उमटणाऱ्या मोर्तबाचा दंडकही याच जातीचा: मोर्तब झाले की त्याखाली पुढे केव्हाही एक अक्षर वाढवावयाचे नाही.

अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये हे शास्त्र संगणकाच्या आज्ञावलींना लावले. कार्यप्रवाहाच्या अभ्यासकांचा ओढा मात्र कार्ल पेट्री यांच्या जाळ्यांकडे, म्हणजे प्रत्येक वाट आधी आखून देण्याकडे होता. नेदरलँड्समधील माया पेसिच आणि विल व्हान डेर आल्स्ट यांनी २००६ च्या सुमारास उलट पवित्रा घेतला: वाट आखू नये, फक्त निर्बंध सांगावेत, आणि जे निषिद्ध नाही ते मोकळे सोडावे.

हे निर्बंध प्नुएली यांच्याच तर्कात मांडले गेले, आणि तेथे काळ अनंत मानलेला असल्यामुळे एक अडचण होती. प्रत्येक अर्जास कधीतरी उत्तर द्यावे, हा नियम प्नुएली यांच्या अनंत काळात मोडला असे कोणत्याही दिवशी सिद्ध करता येत नाही. अर्ज दाबून बसणाऱ्या कारकुनास याहून सोयीचे तर्कशास्त्र मिळणे कठीण! परंतु प्रकरण केव्हातरी दाखल-दप्तर होतेच. म्हणून द जाकोमो आणि वार्डी यांनी २०१३ साली सान्त नोंदींवरील तर्काची सविस्तर मांडणी केली. त्यात उत्तराविना मिटलेले प्रकरण नियमभंग ठरते. मात्र अखेरच्या नोंदीस पुढचे पाऊलच नसल्यामुळे ‘पुढच्या पावली अमुक व्हावे’ या अटीचे दोन प्रकार करावे लागले: एकात पुढचे पाऊल असलेच पाहिजे, दुसऱ्यात ते असल्यास अट लागू.